सूत

नाशिकला लेकीच्या बाळंतपणाला निघताना
तिनं आधी तंबोरा दाखवला,
जसा काही तीस वर्षांत मी तो पाहिलाच नव्हता.
"दर शनिवारी गवसणी काढायची.
मऊ फडकं, कोरडं. पाणी नाही, तेल नाही,
आणि तुमची ती कपाटातली डबडी तर नाहीच नाही."
मी मान हलवली.
पलूसच्या कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होतो मी,
पंपाचा शाफ्ट नुसता चाचपून सांगायचो
किती सूत बाहेर आहे.
मला कोण शिकवणार पुसायला.

पहिला शनिवार बरा गेला.
तिच्याच विटक्या सुती साडीचा तुकडा घेतला.
भोपळ्याच्या पाठीवरून हात फिरवताना
उगाच हळू झालो.
तारांखालच्या धुळीपर्यंत बोट जाईना,
तर पट्टीला फडकं गुंडाळून सरकवलं.
एक तार लागली चुकून
आणि स्वयंपाकघरातली एक वाटी
मांडणीवरून बोलली.
कुठली ते शोधत बसलो दुपारभर.

दुसऱ्या शनिवारी खुंटी करकरली.
करकरणाऱ्याला काय लागतं ते मला ठाऊक.
दोन थेंब. फक्त दोन.

रात्री खरज सुटला.
खुंटी पिळली, सुटली. पिळली, सुटली.
तार तबलीवर लोळत पडली.
तेवढ्यात फोन. "कसा आहे?"
मी म्हणालो, "बरा आहे. बाळ कसं आहे?"

सोमवारी पॅसेंजरनं मिरजेला नेला.
खिडकीची जागा त्याला, मी उभा.
भिलवडीला चढलेली बाई गवसणीकडं बघत म्हणाली,
"मिरजंला? दवाखान्यात व्हय?"
होय म्हणालो. खोटं काय होतं त्यात.

मकबूलभाईंनी खुंटी उपसली, नाकाशी नेली,
चष्म्यावरून बघितलं माझ्याकडं.
"शिलाई मशीनचं?"
बास. पुढं काही बोलले नाहीत,
ते जास्त लागलं.
स्पिरिटचा बोळा भोकात फिरवला,
खुंटीला खडू चोळला, बसवली, काढली,
पुन्हा चोळला.
"तुमच्या कारखान्यात घसरलं पायजे, साहेब.
हितं धरलं पायजे."

मग घोडीवर, तारेखाली, पांढरा दोरा सारला.
जरा मागं. जरा पुढं. डोळे मिटलेले.
तार कोरडीच वाजत होती, खण्‌, खण्‌,
आणि एका जागी एकदम
आतून उजेड लागल्यासारखी पसरली.
माझ्या हाताला सवय, राहवेना.
"किती सूत सरकवलं?"
"एकच," ते म्हणाले,
आणि दोऱ्याचं उरलेलं टोक माझ्यापुढं धरलं.

शनिवारी फोन आला तेव्हा बोललो नाही काही.
मोबाईल भोपळ्याजवळ ठेवला
आणि चारी तारा छेडल्या, तिच्यासारख्याच सावकाश,
निदान मला तसं वाटलं.
पलीकडं बराच वेळ काही नाही.
बाळाची उचकी तेवढी ऐकू येत होती.
मग ती म्हणाली,
"जोडीतली दुसरी उतरलीय थोडी.
आणि तेल कुणी घातलं होतं?"

मी फडक्याची घडी केली.
मोडली. पुन्हा केली.
म्हणालो, "मकबूलभाईंनी सलाम सांगितलाय."
ती हसली की काय कोण जाणे,
मांडणीवरची तीच वाटी
मात्र अजून थोडी हलत होती.