लास्ट

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर
संध्याकाळी साडेसात ते नऊ
आम्ही काहीजण इंग्रजी शिकतो.
हुपरीचा एक चांदीकाम करणारा पोरगा,
दोन नर्सा, एक केएमटीचा कंडक्टर
आणि मी, शालन सातपुते, वय चव्वेचाळीस,
सुभाषनगरातनं चालत येते
बोटांना सोल्युशनचा वास घेऊन.

तुला कशाला इंग्रजी, असं घरात सगळ्यांनी विचारलं.
नेदरलँडच्या एका बाईचा मेल आला होता म्हणून.
तुमचं पायताण किती टिकतं, तिनं विचारलेलं.
पोरानं लिहून दिलं : व्हेरी गुड मॅडम.
पुन्हा मेल आला नाही.

मुजावर मॅडम समानार्थी शब्द देतात
सुट्टे मोजून हातावर ठेवावेत तसे.
स्ट्राँग, स्टर्डी, टफ, ड्युरेबल.
मी वहीत चार रकाने पाडते
आणि मनात म्हणते, हे चार एक नव्हेतच.
टफ ते, जे रापीला दाद देत नाही.
स्टर्डी म्हणजे म्हशीच्या पाठीचं कातडं, तळाला लागतं ते.
ड्युरेबल, सासऱ्यांनी केलेला एक जोड,
गिऱ्हाईक गेलं, जोड राहिला.
स्ट्राँग काय, चहासुद्धा असतो.

मॅडम, म्हटलं, आमच्यात बघा,
कापशी वेगळी, कुरुंदवाडी वेगळी, पुकरी वेगळी,
तुमच्यात सगळ्याला सँडल.
मॅडम हसल्या.
माझ्यात नाही हो, त्यांच्यात.

वाक्प्रचारांच्या आठवड्यात तर नुसती पायताणंच निघाली.
दुसऱ्याच्या बुटात पाय घालून बघणे.
कंडक्टर म्हणाला, देवळाबाहेर रोज घालतात की लोक,
घालून घरीबी जातात.
बूट कुठं टोचतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक.
त्यांच्यात बूट चिमटा काढतो,
आमच्यात चप्पल चावते.
तेल पाजलं की चावायची थांबते,
हे मी हात वर करून सांगितलं
आणि मॅडमनी पहिल्यांदाच माझं काहीतरी फळ्यावर लिहिलं.

मग गुरुवारी हे आलं :
चांभारानं आपल्या लास्टला चिकटून राहावं.
म्हणजे ज्याला जे येतं, त्यानं तेवढंच करावं.
धाकट्या नर्सनं पटकन मराठी जोड दिली :
पायातली वहाण पायातच बरी.
वाईट मनानं नाही दिली, बिचारीला उत्तर येत होतं.
पण पंखा एकदम मोठ्यानं वाजायला लागला.
कंडक्टर खिडकीतनं खाली बघत बसला.
हुपरीच्या पोरानं पेनाचं टोपण
उघडलं, लावलं, उघडलं.
मी दोन्ही वाक्यं वहीत उतरून घेतली, ऱ्हस्व-दीर्घासकट.
म्हणजे हे तिकडंबी हाय तर.
आमची कुणाशी ओळख नसताना.

लास्ट म्हणजे काय, मी विचारलं.
शेवटचा, थोरली नर्स म्हणाली.
नाही, इथे तो नाही, मॅडमनी मोबाईल काढला,
इथे म्हणजे... लाकडी पाय. ज्यावर बूट ठोकतात.
कलबूत, मी म्हणाले.
सगळ्या वर्गात तो शब्द मला एकटीला येत होता.
सासऱ्यांनी दोन वर्षं बूटही केलेले, बँडवाल्यांचे.
त्यातलं डाव्या पायाचं कलबूत अजून माळ्यावर आहे,
उजवं कुठं गेलं कुणाला सांगता येत नाही.

मॅडम अजून मोबाईलमध्येच होत्या.
आणखी एक अर्थ दिलाय, म्हणाल्या.
टिकणे.

येताना जनता बझारपासून घरापर्यंत
मी एकच शब्द तीन वेळा फिरवून बघितला,
तळ, पट्टा, अंगठा बघावा तसा.
घरी आले. पोरगं झोपलेलं.
त्याचाच मोबाईल घेतला, तिचा जुना मेल काढला.
तिकडं अजून उजेड असेल.
खाली लिहिलं : मॅडम, दे लास्ट.
स्पेलिंग दोनदा बघितलं.
मग बटणावर अंगठा ठेवला,
सोल्युशन नीट धुतलं गेलं नव्हतं,
जरासा चिकटून राहिला.