मोडून बघ

दुकानात कुणी बंदूक घेऊन आला
आणि म्हणाला, रिकामी आहे,
तर त्याला बसायला स्टूल द्यायचा,
तांब्याभर पाणी द्यायचं
आणि त्याचं ऐकायचं नाही.

आधी मोडून बघ बे, शिकलगारचाचा म्हणायचे.
नळी जमिनीकडं, बोट चापाबाहेर,
खटका सरकव, वाकू दे तिची मान,
मग दोन्ही घरांत करंगळी घाल.
डोळ्याला हवं तेच दिसतं.
करंगळीला तसली खोड नाही.

मी आलो तेव्हा अशोक चौकातले आमचे दोन माग
किलोच्या भावानं भंगारात गेले होते.
चाचांनी विचारलं, धोटा अडकला की काय करायचास?
म्हटलं, आधी मोटर बंद.
म्हणाले, उद्यापासून ये.
सहा महिने नुसते स्क्रू.
पातं खाचेत बसेपर्यंत घासायचं,
दुसऱ्याच्या बापाच्या बंदुकीवर
तुझ्या घाईचा ओरखडा नको.

तेल कमी. अजून कमी.
आपल्याकडची धूळ तेलात कणकेसारखी मळते,
मग घोडा उठतो तो जांभई देत.
कुंद्याला जवसाचं एक बोट, तळव्याची ऊब,
उरलेलं काम एप्रिल करतो.
पुसायला चादरीचा तुकडा, पण जुन्या.
नवी चादर तंतू सोडते,
वीस वर्षं कुणी अंगावर घेतलेली सोडत नाही.

आमचा हंगाम निवडणुकीनंतर.
ठाण्यात जमा झालेल्या दुनळ्या परत येतात
गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी, अंगावर तांबेरा,
आणि मालक असे हळहळतात
जणू पोरगी सासरहून वाळून आली.

वळसंगचे हत्तुरेमामा एकदा
चुरमुऱ्याच्या पिशवीत पितळी काडतुसं घेऊन आले, रिकामी.
तुझे अब्बा भरून द्यायचे, तू पण दे की.
चाचा म्हणाले,
अब्बांकडं परवाना होता, तराजू होता, आणि दुपार मोकळी होती.
भरताना ते कुणाशी बोलायचे नाहीत,
आईशीसुद्धा.
माझ्याकडं नुसता तराजू उरलाय.
मामा रागानं उठले, पिशवी विसरले.
अब्बांचं दारूचं मापटं
चाचींच्या चहाच्या डब्यात आहे अजून,
एक मापटं, दोन कप.

छताच्या पत्र्याला एक भोक आहे.
गड्ड्याच्या जत्रेची संध्याकाळ, गिऱ्हाईक ओळखीचं,
रिकामी आहे म्हणाला,
आणि चाचांनी त्या एकदाच ऐकलं.
भाचा हातभर अलीकडं बसला होता.
त्याला काही झालं नाही.
तो हुबळीला गेला, सोड्याची गाडी लावली,
पुन्हा या गल्लीत आला नाही.

भोक बुजवलं नाही.
सकाळी अकराला त्यातून रुपयाएवढं ऊन टेबलावर पडतं,
त्याच्यासमोर आम्ही नळी धरतो.
आत सावलीची कडी, कडीत कडी, पार टोकापर्यंत.
एखादी जरा लंगडली की तिथं पोचा.
पावसाळ्यात खाली डबा ठेवतो.

आता चाचांना कड्या दिसत नाहीत,
बाकावर बसून आवाज ऐकतात.
गेल्या मंगळवारी मंद्रूपहून एक बाई आली,
नवऱ्याची बंदूक घोंगडीत गुंडाळून,
ठाण्यात जमा करायची होती, तेवढी पुसून द्या म्हणाली.
रिकामीच आहे, वीस वर्षं खुंटीला होती,
खाली पाळणा बांधायचे आम्ही.

मी स्टूल दिला. पाणी दिलं.
खटका घट्ट. तेलाचा थेंब, थांबलो, पुन्हा.
मान वाकली.
डावं घर रिकामं.
उजव्यात करंगळी गेली नाही.

हिरवं पडलेलं पितळ, फुगलेला कागद.
ओल्या वाळूच्या डब्यात ठेवून आलो
तरी ती घोंगडीची घडीच घालत होती,
उलगडत होती, पुन्हा घालत होती.

निघालं? चाचांनी विचारलं.
निघालं.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग चाचा उठले, चाचपडत दुसरा स्टूल ओढला
आणि मला म्हणाले,
बस बे. पाणी पी.