काटा

दुकानातल्या काट्यावर मी रोज पहाटे चढते,
पिठाच्या गोण्या मोजायच्या त्याच,
ऊचा यायच्या आधी, चपला काढून.
एक्क्याऐंशी.
मार्चात एक्क्याऐंशी, एप्रिलात एक्क्याऐंशी.
रिओनीचं पाणी बर्फ वितळून गढूळ झालं, परत निवळलं,
काटा आपला जागचा हलत नाही.

जुंबेर म्हणतो, त्याच्याकडे बघू नकोस.
जुंबेरला काय जातंय म्हणायला!
एके काळी रेल्वेच्या संघातून वजनं उचलायचा,
आता बंद कारखान्याच्या तळघरात
चार गंजक्या दांड्या आणि एक हीटर घेऊन बसतो.
"कंबर मागे ने, लामझिरा,
हात भरलेले असले की गाडीचं दार लोटतेस ना, तशी."
पहिल्या दिवशी नुसती दांडी, वीस किलो.
एवढी तर मी भट्टीला लाकडं घालते, म्हटलं,
आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना
भिंत धरून खाली बसले.

त्यानं कागदावर लिहून दिलं:
सकाळी तीन अंडी, वाडगाभर दही.
दुपारी मडक्यातला घेवडा, तळहाताएवढी कोंबडी.
पाव, एक तुकडा.
हे पाववालीला!
कुणाच्या तळहाताएवढी, मी विचारलं. माझा तर
तीस वर्षं कणीक मळून फावड्याएवढा झालाय.
तो हसला नाही. "तुझ्याच. आणि उपाशी राहू नकोस.
उपाशी अंग आधी घराचे खांब विकतं,
अडगळ तशीच ठेवतं."

पुतणीच्या साखरपुड्यात वीसदा पेले उंचावले,
मी सहांना ओठ लावले.
शेजारून त्सियाला कुजबुजली,
"डॉक्टर काय म्हणाले?"
आमच्याकडे बाई पानातलं चीज बाजूला सारते
ती दोनच कारणांनी, दुखणं नाहीतर दुःख.
तिसरं कारण
मला नीट सांगता येईना.

मग मेमधली एक पहाट.
परत तेच एक्क्याऐंशी. काट्याला लाथ घातली,
अंगठा दुखावला तो माझाच.
रात्री भिजवलेली कणीक परातीबाहेर आली होती.
ऊचा अजून नवा. म्हणाला,
"मावशी, रात्रीत हिचं वजन किती वाढलं?"
"वेड्या, वजन कुठलं वाढतंय?
सहा किलो होती, सहाच आहे.
नुसती जागा जास्त घेते."

आणि बोलता बोलता थांबले.
पिठाचा हात तसाच पोटावर गेला.

एप्रनची नाडी.
हिवाळ्यात पाठीमागे कशीबशी गाठ बसायची, टोकं बोटभर.
आज ती मागून फिरून पुढे आलेली,
पुढे गाठ मारूनही लोंबत होती.
कधीपासून?
ऊचाला विचारलं तर त्यानं खांदे उडवले.
एका काट्याचा मी नायटा करून घेतला होता.

आमची भट्टी मातीची, उभी, विहिरीसारखी.
आतल्या भिंतीला पाव थापायचा
तर कमरेपर्यंत आत वाकायचं,
क्षणभर पाय जमिनीवरून सुटतात,
खाली निखारे.
गेल्या वर्षी कमरेत उसण भरली तेव्हा
ऊचाच्या आधीचा पोरगा माझे घोटे धरून उभा राहायचा,
तोंड दुसरीकडे करून, बिचारा.
आज गेले, थापला, वर आले.
परत गेले.
एकवीस पाव. घोट्यांना कुणाचा हात नाही.

बाविसावा माझा.
होडीसारखा, दोन्हीकडे निमुळता.
एक टोक मोडून उभ्यानंच खाल्लं, जीभ भाजली,
मीठ जरा जास्त.
जुंबेरच्या कागदात बसतं ते. नसतं बसलं
तरी खाल्लं असतं.

बुधवारी दांडीवर पंचावन्न लावणार आहे म्हणे.
काट्यावर ऊचानं गोण ठेवलीय,
दोन दिवस झाले.
मी काढ म्हटलेलं नाही.