चौकोनी राज्य

अंबडला शिफ्ट सुटली की शेडमध्ये प्रेस गप्प होतो,
पत्रा मात्र थंड होताना
टक् टक् बोलत राहतो एकटाच.
त्या वेळी आम्ही दोघी अमेरिका उघडतो.

समीनाच्या लॅपटॉपचं एक बिजागर सैल आहे,
पाठीशी ऑइलचा डबा लावला
तरच नकाशा उभा राहतो.

आमचा माल म्हणजे एक छोटा प्रोग्राम.
आठ बाय चारच्या पत्र्यावर तुकडे कसे मांडायचे,
कुठला फिरवायचा, कुठला कुणाच्या कुशीत घालायचा,
म्हणजे भंगारात कमी जाईल.
अकरा वर्षं मी हे खडूनं केलं,
समीनानं ते यंत्राला शिकवलं.
ओहायोतल्या एका वर्कशॉपला तो हवाय.
पैसे द्यायला तयार आहेत, फक्त म्हणतात,
तुमची इकडे कंपनी असती तर बरं.

नोटा आमच्याच गावात छापतात,
नाशिकरोडला, भिंतीआड.
डॉलरची भिंत वेगळी.

डेलावेअर, समीना म्हणाली, सगळे तिकडेच जातात.
वर्षाला तीनशे डॉलर, कमाई असो नसो.
मी मनात रुपये केले
आणि नकाशात पाहिलं:
शिअरखालून उरलेल्या पट्टीसारखं एवढंसं राज्य,
डोक्यावर कंपासनं मारल्यासारखा गोल कट.
असला तुकडा मला कधीच आवडला नाही,
त्याच्या शेजारची जागा कायम फुकट जाते.

न्यू मेक्सिको दरसालचा कागदही मागत नाही.
काहीच न मागणाऱ्याची मला भीती वाटते.

मग वायोमिंग.
चार कोपरे, चार सरळ रेषा.
मी स्क्रीनवर बोट टेकवलं, ग्रीसचा ठसा उमटला.
हे घे, म्हटलं. इथे काही वाया जायचं नाही.
साठ डॉलर, ती म्हणाली, आणि मग हसत सुटली,
अगं, राज्य असं निवडतात का?

चांदवडकर सीएंनी चष्मा कपाळावर ढकलला.
राज्य कुठलंही घ्या हो.
तिथला एक फॉर्म राहिला तर दंड पंचवीस हजार,
आणि ते रुपये नव्हेत.
इथे रिझर्व्ह बँकेचे नियम, ते त्याच्याही आधी.
काम कुठे बसून करता?
अंबडला.
मग इथल्या करातून सुटका नाही, एवढं तरी लिहून घ्या.
मी लिहून घेतलं, खडूनं, तळहातावर.

तिथे म्हणे एक माणूस लागतो,
पत्ता असलेला, ज्याच्या दारात
आपल्या नावाचा कागद पडू शकतो.
समीना समजावत होती, आणि मला
पंचवटीतले गायधनी गुरुजी दिसत होते.
त्यांच्या माडीखाली आम्ही भाड्यानं राहायचो.
अकोल्याहून, बिदरहून माणसं यायची,
गाव सांगायची, आडनाव सांगायची,
गुरुजी लाल फडक्यातली लांबट वही सोडायचे
आणि पणजोबाची मोडीतली सही
नखानं दाखवायचे.
गोदेकाठी एकच रात्र राहून गेलेला माणूस,
त्याच्या नावाला राखणदार मात्र कायमचा.

तसाच कुणी आता शायेन गावात
आम्हाला कपाटात ठेवील. साठ डॉलर वेगळे, त्याची दक्षिणा वेगळी.
समीना म्हणाली, आमच्या घरचं नाव
कुणाच्याच वहीत नाही.
चला, एकीत तरी लागेल.

फॉर्ममध्ये एक चौकट होती: रहिवासी आहात का?
पंचवटीतून सिडकोत, एवढीच माझी आयुष्यातली बदली,
तीही एका टेम्पोत मावलेली.
आज पहिल्यांदा कुठल्यातरी गावाची
मी अनिवासी झाले.
नाही, वर टिचकी मारताना
उगाच पदर सारखा केला.

कंपनीचं नाव अजून ठरलेलं नाही.
पाठीमागे पत्रा टक् म्हणाला.
समीनानं ऑइलचा डबा काढून घेतला,
उद्या सकाळी प्रेसला लागतो तो,
आणि अमेरिका हळूच
उताणी झाली.