नळी

रिस्टेन ट्रोम्सोहून आली ती पोलादी डबा घेऊन.
झाकण उघडलं की वाफ निघायची,
वर न जाता खाली सांडणारी.
बाहेर उणे अडतीस,
तरी तिला त्याहून गार काहीतरी हवं होतं.
म्हटलं, या घरात थंडी विकत आणणारी
तूच पहिली.

तिला पाय हवे होते. एकाच रेनडिअरचे, चारही.
मांडीपासून खुरापर्यंत पाच ठिकाणी
तिने लाल धागे बांधले, माझ्याच टोपलीतले,
आणि दर खुणेपाशी नखाएवढा तुकडा काढला.
मी विचारलं नाही. कॉफी ठेवली.
मग तीच सांगू लागली, भराभर,
लहानपणी खोटं बोलायची तशी.

आई, पेशीला भिंत नसते, साय असते.
केसाच्या जाडीत दहा हजार मावतील एवढी पातळ,
आणि तीही दुपदरी.
कण कसला, तर एक डोकं, दोन शेपट्या.
डोक्याला पाण्याची ओढ, शेपट्यांना तिटकारा.
म्हणून डोकी बाहेर, शेपट्या आत,
एकमेकींच्या आडोशाला.
कुणी शिवलेलं नाही. टाका नाही, खिळा नाही.
पाणीच रेटून रेटून त्यांना एकत्र ठेवतं.
टोचलं, तर आपलं आपण मिटतं.

आणि स्वस्थ बसत नाहीत गं.
शेजारी शेजाऱ्याची जागा घेतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत
लाख वेळा.
पण वरच्या पदरातून खालच्या पदरात जायचं
तर दिवसच्या दिवस.

हे मला कळलं.
नदीपलीकडच्या घरात मुलगी द्यायला
आम्हाला तीन पिढ्या लागल्या.

सरळ शेपट्या, ती म्हणाली, थंडीत
खेटून बसतात, मेणासारख्या.
मग आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही.
म्हणून पायात खाली खाली जावं
तशा वाकड्या शेपट्या जास्त. मध्येच एक बाक.
बाकामुळे रचता येत नाहीत.
रचता येत नाहीत म्हणून वाहत्या राहतात.

मी उठले. खिडकीच्या कट्ट्यावर
जिथे ना चूल पोचते ना हिम,
तिथल्या दोन नळ्या घेतल्या, सुरीच्या पाठीने फोडल्या.
मांडीची मज्जा पांढरी. चमचा उभा राहिला.
खुराकडची
माझ्या मनगटावरून ओघळली.
ही खायची, म्हटलं,
आणि ही बुटांच्या पट्ट्यांना चोळायची.
रिस्टेनची पेन्सिल थांबली.
कधीपासून माहीत आहे तुला?
भूक लागायला लागली तेव्हापासून.

तेवढ्यात इस्सात आला, माझा भाऊ,
न सांगता, बर्फ न झटकता, नेहमीसारखा.
आमचे बाकीचे तिघे सरळ.
कुरणाच्या वाटणीपासून बोलत नाहीत,
आपापल्या अंगणात सरपणासारखे रचलेले.
हा पितो, उधार ठेवतो, चर्चमध्ये झोपतो,
आणि चारही घरांत जेवतो.
कुणाची सून आजारी, कुणाचा कळप हरवला,
आम्हाला कळतं ते याच्या तोंडून.

त्याने रिस्टेनपुढे डावा हात धरला.
दोन बोटं नाहीत, अकरा वर्षं झाली.
मग याचं काय झालं होतं?
पाण्याचे काटे झाले, मामा. साय फाटली.
मिटतं म्हणालीस ना?
दाराआड उभा राहून ऐकत होता तर.
ती थोडा वेळ बोलली नाही.
लहान भोक मिटतं, मामा.

पहाटे ती जायला निघाली. डबा धुरावत होता.
मी तिच्या बुटांत वाळलं गवत भरलं,
पट्ट्यांना खुराकडचं तेल लावलं,
घोट्यापाशी दोनदा.
ती म्हणाली, ट्रोम्सोत एवढी थंडी नसते गं.
मी म्हटलं, असू दे.

धाग्याचं रीळ इथेच राहिलं.
इस्सात त्यातला एक तुकडा तोडून
उरलेल्या तीन बोटांनी
आपल्याच मनगटाला बांधत बसला होता,
गाठ सुटत होती,
पुन्हा बांधत होता.