वेणीतले महिने

मानेपाशी, अगदी मुळालगत कात्री लावून
नर्स शीबा एक बट कापते,
दोऱ्याने बांधते, मुळाच्या टोकाला लाल खूण करते.
"महिन्याला एक सेंटीमीटर," ती म्हणते, "केस विसरत नाहीत."

उन्मेष खुर्चीखाली बसून
ट्रकचं एकच चाक फिरवतोय.
साडेतीन वर्षांचा.
पाण्याला 'पा' म्हणतो, पंख्याला 'पा', बापालाही.

मी मनातल्या मनात वेणी उतरत जाते.
खांद्याशी मागचा रमजान,
पाठीच्या मध्यावर घर बदललं ते;
आणि कमरेपाशी, जिथे केस विरळ, तांबूस होतात,
तिथे तो माझ्या पोटात.

तेव्हा भात उलटायचा, मासा तेवढा टिकायचा.
दर शुक्रवारी दिगंबर मत्राच्या बाजारातून सुरमई आणायचा.
इथे तिला कनद म्हणतात.
नासिर मधली तुकडी राखून ठेवायचा: "बच्चा के वास्ते."
देवबागहून आई: "मोरी खा गो बाय, दूध बरा येता."
सुकी मोरीही मिळायची. फ्लॅटभर वास, आणि मी घरी.

पारा म्हणजे बाबांचा, चढायचा तो.
आणि एकदा फुटलेल्या थर्मामीटरमधला:
फरशीवरचे थेंब मी बोटाने पळवले,
तर आईने राखेने हात घासले होते माझे, तीनदा.

बांगड्याने बारीकसारीक खाल्लं, सुरमईने बांगडा,
मोरीने जे सापडेल ते.
प्रत्येकाने सगळं पचवलं, एवढं सोडून,
आणि पुढच्याच्या पानात वाढलं.
मी शेवटची आहे असं समजून जेवत होते.

डॉक्टर लमया कागदावरून नजर उचलत नाही.
"यामुळेच, असं म्हणता येणार नाही.
यामुळे नाही, असंही.
मासे सोडू नका. लहान खा."

लाल खुणेजवळचा पहिला सेंटीमीटर
मी अजून कुणाला सांगितलेला नाही.
नऊ दिवस वर गेलेत.

नासिर कनद उचलून दाखवतो. मी तारलीकडे बोट करते.
"ये तो बिल्ली का खाना!" तो हसतो, तरी भरतो.

किलोभर तारली साफ करायला तास जातो.
उन्मेष कापलेली डोकी वर्तमानपत्रावर मांडतो,
एकेक, ओळीने,
सगळ्यांची तोंडं खिडकीकडे.
एक उलटं पडलं होतं.
ते त्याने उचलून पुन्हा नीट लावलं.