अर्धा इंच

सकाळी साडेनऊला मेल आला
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात.
पंखा गरम हवाच ढवळत होता.
परदेशातली कुठलीशी शाळा,
निळे ट्युनिक बाराशे,
आणि खाली एकच ओळ :
बाजूची शिवण अर्धा इंच 'लेट आउट' करा.

शेठ म्हणाले, श्रीलता, तू बी.ए. इंग्लिश ना,
सांग, काय म्हणायलेत?

लेट मला ठाऊक होता. आउट तर
साखर पेठेत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनाही ठाऊक.
पण दोघं शेजारी बसले की
नव्या जोडप्यासारखं तिसरंच काहीतरी बोलतात.
मी कोश काढला.
घर भाड्याने देणे.
शाळा सुटणे.
तोंडून गुपित निसटणे. किंकाळी फोडणे.
कोंडलेल्याला मोकळं करणे.
आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात,
कपडा उसवून सैल करणे.

इरय्या मास्तरांनी एक ट्युनिक उलटा केला,
चष्मा कपाळावर सरकवून शिवण बोटांनी चाचपली.
"सोडायला माया कुठाय ह्यात?"

मायाच म्हणतात आमच्यात.
शिवणीच्या पलीकडे, आत दुमडलेलं
ते जास्तीचं कापड.
ते कुणी बघत नाही,
कपडा आखूड होईपर्यंत.
एप्रिलात शेठच म्हणाले होते,
नगामागे पाव इंच वाचवा,
बाराशेचं किती होतंय बघा.
मास्तरांनी बघितलं. मास्तरांनी कापलं.

यादम्मा ओव्हरलॉकवरूनच ओरडली,
(मशीन बंद असली तरी ती ओरडूनच बोलते)
"उसवू नका ओ, नुसती भोकं राहतील!"

उत्तर लिहायचं माझ्याकडे आलं.
माया नाही, हे इंग्रजीत कसं लिहायचं?
कोश म्हणाला : अलाउन्स.
अलाउन्स म्हणजे भत्ता, महागाईचा, प्रवासाचा,
आम्हाला मिळत नाही तो.
टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं.

आणि शोधता शोधता पुढच्याच पानावर
लेट डाउन सापडला.
कपड्याची खालची पट्टी सोडून लांबी वाढवणे.
दुसरा अर्थ : भरवसा ठेवणाऱ्याला तोंडघशी पाडणे.

माझा पाचवीचा फ्रॉक.
विडी घरकुलातली आमची एक खोली,
आई मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवायची,
हात पदराला पुसायची,
शाळा उघडायच्या आदल्या रविवारी
ब्लेडने पट्टी उसवायची.
पाचवीत एकदा, सहावीत एकदा.
धुऊन धुऊन फ्रॉक राखाडी झालेला,
आणि सोडलेली पट्टी निळीशार,
दुकानातून आणलेल्या दिवसाइतकी.
वर जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग.
अख्ख्या वर्गाला कळायचं,
हिच्या आईने नवा घेतला नाही.
मी दप्तर गुडघ्यांपुढे धरून चालायचे.
त्या वयात मला दोन्ही अर्थ
एकच वाटायचे.

पट्टी किती इंच होती, कधी मोजली नाही.
आज वाटतं, शिंप्याकडे माप देताना
ती काउंटरवर वाकून म्हणाली असेल,
"आत भरपूर ठेवा ओ, पोरगी वाढायलीय."
तो कापडाचा हिशेब सांगत असेल.
ती ऐकत नसेल.

मेल असा गेला :
क्षमस्व, शिवणीत अलाउन्स नाही.
शेठ दोनदा वाचून म्हणाले, इंग्रजी बरोबर हाय ना?
म्हटलं, हो. इंग्रजी बरोबर आहे.

सहाला कारखाना सुटला तेव्हा
यादम्मा गेटपाशी थांबलेली,
उन्हाच्या धगीने डोक्यावर पदर.
"शाळा सुटणे म्हणजे पण तेच ना गं,
सकाळचं ते?"
म्हटलं, तेच.
"मग आपण बी लेट आउट," म्हणाली,
आणि एवढ्या मोठ्याने हसली
की शेअर रिक्षावाला सीटवरून उतरून
मागे बघायला लागला.